होळी ते मृग, वीस घरं: सिनेमा चॅलेंजबद्दल नेहमी येणारे प्रश्न

होळी जवळ आली की माझ्या फोनवर तेच प्रश्न फिरून फिरून येतात. कोणी व्हॉइस नोट टाकतं, कोणी बस स्टँडवर गाठून विचारतं, आणि मग एकच उत्तर मी सात जणांना सात तऱ्हेनं देतो आणि त्यातून वाद होतात. म्हणून मागच्या चार वर्षांत आलेले प्रश्न एका जागी लिहून काढले. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत. वरचे सोपे आहेत, खाली जाल तशी गाठ घट्ट होत जाते. आधी इथं तुमचा प्रश्न शोधा, नाही सापडला तर मग फोन करा.

१. हे चॅलेंज म्हणजे नेमकं हाय काय?

हौजीचं तिकीट असतं ना, तसं एक कार्ड. त्यात वीस घरं, प्रत्येक घरात आकड्याच्या जागी एक विषय लिहिलेला. उदाहरणार्थ ‘पावसावर सगळं अडलेलं असा सिनेमा’, ‘ज्यात जनावर महत्त्वाचं आहे असा’, ‘बाईनं दिग्दर्शित केलेला’, ‘ब्लॅक अँड व्हाइट’, ‘विदर्भात घडणारा’, ‘कधीच न ऐकलेल्या भाषेतला’, ‘आईबाबांनी थिएटरात पाहिलेला’. विषयात बसणारा सिनेमा तुम्ही शोधायचा, पाहायचा, त्यावर ग्रुपमध्ये दोन ओळी टाकायच्या, की ते घर भरलं. आठवड्याला दोन घरं, दहा आठवडे. कोणता सिनेमा पाहायचा हे आम्ही सांगत नाही, आणि तेच यातलं खरं काम आहे, कारण शोधता शोधता माणूस अशा सिनेमापर्यंत पोचतो जो त्यानं आपल्या मनानं कधीच लावला नसता.

२. होळीलेच काऊन सुरू करता? दिवाळीत सुट्ट्या असतात न.

पहिल्या वर्षी दिवाळीतच सुरू केलं होतं. सोयाबीन काढून आंगणात पडलेलं, थ्रेशरवाला आज येतो उद्या येतो करत होता, कापसाचा पहिला वेचा सुरू, मजूर मिळेना, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत अकरा जणांतले चार उरले. चूक माणसांची नव्हती, वेळेची होती. आता होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सुरू करतो. तोवर हरभरा घरात आलेला असतो, गहूही बराचसा निघालेला असतो, आणि दहा आठवडे मोजले की मृगाच्या म्हणजे ७ जूनच्या आधी किंवा त्या सुमारास संपतं. त्यानंतर कोणाला सिनेमा सुचत नाही, सगळे आभाळाकडे पाहत असतात. शिवाय एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं विदर्भात दुपारी बाहेर पडायची सोयच नसते, पंचेचाळीस डिग्रीत माणूस कूलरपुढंच बसणार, आणि रात्री सगळे गच्चीवर किंवा आंगणात, झोप उशिराच लागते.

३. फी किती? आणि कोणाले येता येते?

फी नाही. कोणीही या. दहावी-बारावीवाल्यांनी शेवटचा पेपर झाल्यावरच यायचं, त्यांना सोडलेले आठवडे भरून काढायला वेळ देतो (प्रश्न १४ पाहा).

४. सिनेमा म्हणजे किती लांबीचा? वेब सिरीज चालन काय?

चाळीस मिनिटांपेक्षा मोठा तो सिनेमा. ही रेघ आम्ही मनानं ओढली नाही, ऑस्करवालेसुद्धा फीचर फिल्मसाठी तीच धरतात. माहितीपट चालतो. वेब सिरीज नाही चालत, भले ती कितीही छान असो, कारण एका बैठकीत संपू शकेल अशी सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट ही यातली अट आहे.

गडचिरोली-चंद्रपूरकडचे मित्र दरवर्षी विचारतात की झाडीपट्टीचं नाटक का नाही. मला ती नाटकं मनापासून आवडतात, वडशाला जाऊन रात्रभर बसून पाहिलंय, पण ते नाटक आहे आणि त्याचा सीझनही दिवाळीनंतर हिवाळ्याचा. त्या रंगभूमीवरचा ‘झॉलीवूड’ (२०२२) हा सिनेमा मात्र आहे, तो पाहा आणि विदर्भाचं घर भरा.

५. मोबाईलवर पाह्यला त चालते का टीव्हीच पाह्यजे?

मोबाईलवर चालतो. आमच्यासाठी थिएटर म्हणजे अमरावती नाहीतर अकोला, जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो, त्यामुळे अर्ध्याहून जास्त लोक मोबाईलवरच पाहतात. फक्त तीन गोष्टी पाळा. स्पीड वाढवून पाहायचा नाही. गाणी पुढं ढकलायची नाहीत. आणि तुकड्या तुकड्यानं पाहिला तरी दोन दिवसांच्या आत संपवायचा, नाहीतर पहिल्या भागातला माणूस कोण होता हेच आठवत नाही.

नेटचा प्रश्न खरा आहे. क्वालिटी कमीत कमी ठेवली तर रोजच्या दीड जीबीमध्ये एक सिनेमा आरामात बसतो. रेंज जिथं येते तिथं (आमच्याकडं पाण्याच्या टाकीजवळ) ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवायचा आणि घरी येऊन पाहायचा. लाइन जाणारच हे धरून चाला, फोन संध्याकाळीच चार्ज करा.

६. लिंक कुठं भेटन? कोणाकडं फाइल हाय काय?

ग्रुपवर लिंक मागायची नाही, फाइल टाकायची नाही, टेलिग्रामचं नाव काढायचं नाही. हे मी कडक सांगतो कारण ज्या माणसांनी दोन-दोन वर्षं घालून तो सिनेमा केला त्यांच्या मेहनतीवर आपण हे सगळं करतोय. कापसाला भाव नाही मिळाला की आपला जीव किती जळतो हे आपल्यालाच जास्त माहीत आहे.

फुकटात आणि रीतसर मिळणारंही भरपूर आहे. प्रसार भारतीचं वेव्ज नावाचं ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. फिल्म्स डिव्हिजनचे जुने माहितीपट सरकारी चॅनेलवर आहेत. टीव्हीवर लागणारे जुने मराठी सिनेमे आहेत, वेळापत्रक पाहून आठवण लावून ठेवा. आणि भारतात सिनेमाचा कॉपीराइट तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६० च्या आधीचा भारतीय सिनेमा आता सगळ्यांचा झालेला आहे. कार्डावरची निदान पाच-सहा घरं त्या काळातल्या सिनेमांनी भरता येतात.

७. आमी पंधरा-वीस जण मिळून पडद्यावर पाह्यला त?

पाहा, फक्त कुठं आणि काय ते आधी ठरवा. घरात, आंगणात, घरचे आणि शेजारचे मिळून बसले तर काही अडचण नाही. पण समाजमंदिरात भोंग्यावरून बोलावून, पारावर पडदा बांधून दाखवणं हे जाहीर प्रदर्शन झालं. त्याला तिकीट नसलं तरी हक्क ज्याच्याकडं आहे त्याची परवानगी लागते, आणि ओटीटीचं सबस्क्रिप्शन हे घरच्यापुरतं असतं. म्हणून मोठा जमाव करायचा तर कॉपीराइट संपलेला सिनेमा घ्या.

मागच्या मे महिन्यात आम्ही ‘संत तुकाराम’ लावला होता. १९३६ चा, प्रभातचा, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. प्रोजेक्टर एका शिक्षक मित्राचा, पडदा म्हणजे दोन चादरी शिवून ताणून बांधलेल्या, आवाजाला लग्नातलं एक स्पीकर. मला वाटलं होतं पोरं अर्ध्यात उठतील. पोरं उठली नाहीत, आणि म्हातारी माणसं तर पडद्यासोबत अभंग म्हणायला लागली, हळूहळू सगळंच आंगण म्हणायला लागलं, शेवटी सिनेमाचा आवाज कमी करावा लागला. संपल्यावर शेजारचे आबाजी बोलायला लागले. जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, तंबूच्या मधोमध पडदा, एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला बायका, त्यांना अक्षरं उलटी दिसायची. रात्री साडेबारापर्यंत बोलत होते. त्यांच्या नातवानं हे पहिल्यांदाच ऐकलं.

एक कामाची गोष्ट: प्रोजेक्टरच्या उजेडावर पाखरं येतात, आंगणातले बाकी सगळे दिवे बंद करा आणि लांब कोपऱ्यात एक बल्ब चालू ठेवा, बरीचशी तिकडं जातात.

८. विदर्भाच्या घरात कोणता सिनेमा बसते अन कोणता नाई?

सगळ्यात जास्त भांडण याच घरावरून होतं. नियम एकच: गोष्ट विदर्भात घडली पाहिजे. दिग्दर्शक आपल्याकडचा आहे किंवा नट नागपूरचा आहे एवढ्यानं नाही चालत.

बसणारे सांगतो. ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९), आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट, याबद्दल पुढच्या प्रश्नात अजून लिहिलंय. ‘झुंड’ (२०२२), नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल, विजय बारसे यांच्या कामावर आधारलेला. हेमलकशाचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ (२०१४). आणि ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७), ज्यात डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झालेत. बाबांचा जन्म आपल्या अमरावती जिल्ह्यातला शेंडगावचा आणि देहही त्यांनी १९५६ साली अमरावतीजवळच ठेवला, त्यामुळे हा सिनेमा आमच्या भागात पाहताना घरातलं माणूस पाहिल्यासारखं होतं.

न बसणारे: ‘शेरनी’ (२०२१) पाहताना सगळ्यांना यवतमाळची वाघीण आठवते, पण त्यातलं जंगल मध्य प्रदेशातलं आहे. ‘न्यूटन’ (२०१७) मधलं जंगल गडचिरोलीला लागून असल्यासारखं वाटतं, पण गोष्ट छत्तीसगडची. दोन्ही सुंदर आहेत, ‘जंगल’ घरात टाका.

९. एखादा सिनेमा पाहवतच नाई. जबरदस्ती हाय काय?

अजिबात नाही. कार्डावर दोन बदल्या मिळतात, म्हणजे दोन घरं खोडून त्या जागी आपल्या पसंतीचे विषय लिहायचे. कारण विचारलं जात नाही.

हा नियम कसा आला ते सांगतो. दुसऱ्या वर्षी बऱ्याच जणांनी शेतकरी आत्महत्येच्या विषयावरचा ‘गाभ्रीचा पाऊस’ निवडला आणि एका ताईंनी मला एकट्याला मेसेज केला की भाऊ, माझ्या घरात हे होऊन गेलंय, मी नाही पाहू शकत, पण सगळे त्याच्यावर लिहू रायले तर मी काय लिहू. मला फार लागलं ते. आमच्या ग्रुपमध्ये असं घर एकच नाही. तेव्हापासून बदली आली, आणि असे सिनेमे ज्यांनी पाहिले त्यांनी पहिल्या ओळीत विषय काय आहे ते सांगून थोडी जागा सोडून मग लिहायचं हेही ठरलं. आणि पाहताना मन फार खाली गेलं तर बंद करा, कोणालातरी हाक मारा, मला रात्री दोनला फोन केला तरी चालेल. घर भरलं असंच धरू.

अर्धा पाहून कंटाळा आला ही वेगळी गोष्ट. तिथं एक तास तरी पाहा आणि का सोडला ते लिहा, अर्धं घर मिळेल.

१०. दोन ओळीत काय लिहू? मले परीक्षण येत नाई.

परीक्षण नकोच. छायाचित्रण, पटकथा, अभिनय असले शब्द वापरलेच पाहिजेत असं काही नाही. तुम्हाला काय दिसलं ते लिहा. आमच्याकडच्या एका काकांनी एका सिनेमाबद्दल लिहिलं होतं की हिरो गव्हात डवरा (पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत) धरून चाललाय, गव्हात कोणी डवरे मारते काय, आणि बैल पण नवे आहेत, मान एका तालात हलत नाही. शहरातल्या परीक्षकाला हे दिसणं शक्य नाही. दुसऱ्या एका ताईनं लिहिलं की या सिनेमातली बाई दिवसभर स्वयंपाकघरात आहे पण चुलीजवळचं भिंतीचं पोतेरं कोरं करकरीत आहे, म्हणजे या घरात कोणी रांधतच नाही. मी तो सिनेमा दोनदा पाहिला होता, मला एकदाही दिसलं नव्हतं. आपण जे रोज हातानं करतो त्याची जाण म्हणजे सिनेमाचीच जाण आहे हे मला या दोन ओळींनी शिकवलं, आणि आज कोणी मला विचारलं की चॅलेंज कशासाठी करता तर मी या दोन ओळीच दाखवतो.

लिहिता येत नसेल तर व्हॉइस नोट टाका, वऱ्हाडीत बोला, तसंच बोला जसं घरी बोलता. शेवट सांगणार असाल तर आधी ‘शेवट सांगतोय’ म्हणा. मार्क द्यायचे नाहीत. पहिल्या वर्षी पाचपैकी तारे देत होतो, मग सगळे फक्त तारेच द्यायला लागले आणि बोलणं बंद पडलं.

११. साल कोणतं धरायचं? फेस्टिव्हलचं का थिएटरचं?

भारतात थिएटरला लागला ते साल. ‘कोर्ट’ व्हेनिसला २०१४ मध्ये गेला पण आपल्याकडं एप्रिल २०१५ मध्ये लागला, तर तो २०१५ चा. ‘फँड्री’ महोत्सवात २०१३ मध्ये दिसला, थिएटरात फेब्रुवारी २०१४ मध्ये आला, तर २०१४. सुरुवातीला जे सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसतं त्यावर तारीख असते, पण तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, जुन्या सिनेमांना पुढं परत सर्टिफिकेट घेतलेलं असू शकतं.

‘आईबाबांच्या लग्नाच्या सालातला’ या घरात एक पेच असतो. एका मित्राच्या आईबाबांचं लग्न १९८१ चं, आणि दोघं म्हणतात लग्नानंतर आम्ही शोले पाहिला. शोले १९७५ चा. दोघंही बरोबर आहेत, कारण तेव्हा प्रिंट आधी मोठ्या शहरांत फिरायची, मग सीपी-बेरारच्या म्हणजे आपल्या सर्किटमध्ये (सिनेमा वाटपाच्या विभागात), आणि तालुक्याला, जत्रेला पोचेपर्यंत वर्षं जायची. अशा वेळी तो सिनेमा ‘आईबाबांनी थिएटरात पाहिलेला’ या घरात टाका, सालाच्या घरासाठी वेगळा शोधा. आणि त्यांना विचारताना घाई करू नका. गाडी कोणाची होती, किती जण बैलगाडीत बसले, परत येताना काय झालं, हे सगळं ऐकून घ्या आणि दोन ओळींच्या जागी वीस ओळी लिहा, इथं मर्यादा नाही.

१२. हिंदीत डब केलेला साउथचा पिच्चर ‘दुसऱ्या भाषेच्या’ घरात चालते काय?

नाही. त्या घरासाठी मूळ भाषा कानावर पडली पाहिजे. डब केलेला बाकी कोणत्याही घरात टाका.

पण इंग्रजी सबटायटल भराभर वाचता येत नाहीत ही अडचण कितीतरी जणांची आहे, त्यासाठी एक सूट आहे: कोणीतरी मोठ्यानं मराठीत सांगत गेलं तरी चालतं. आमच्या घरी माझी पुतणी आजीला वाचून दाखवते, इराणी सिनेमा होता, पोरगी सांगता सांगता स्वतःच रडायला लागली आणि आजी म्हणाली राहू दे, आता मले समजते. शेवटची वीस मिनिटं दोघींनी फारसीतच पाहिली.

दोन भाषांत दोनदा काढलेले जुने सिनेमे वेगळे. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), हे शांतारामबापूंनी मराठी आणि हिंदीत वेगवेगळे चित्रित केलेले आहेत, डबिंग नाही. तरी दोन्ही पाहून दोन घरं भरता येणार नाहीत, घर एकच. दोन्ही पाहून फरक सांगितलात तर एक बदली जास्त मिळेल (बदली म्हणजे काय, प्रश्न ९).

१३. मूकपटाच्या घरात फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र टाकला, त तो चाळीस मिनिटाचा नाई म्हणून कापला. हे बरोबर हाय काय?

तुमचं बरोबर, आमचं चुकलं होतं. १९१३ चा तो सिनेमा पूर्ण उरलेलाच नाही, काही भागच उरलाय, मग लांबी कशी मोजणार. आता त्याला प्रश्न ४ मधल्या नियमातून सूट आहे. फाळक्यांचाच ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र बराचसा टिकलाय, त्यात त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झालीय, जमलं तर तो पाहा, लहान पोरांना फार आवडतो.

‘पुष्पक’ (१९८७) मूकपट आहे का, यावर आठ दिवस चर्चा झाली. आवाज आहे, संवाद नाही. शेवटी घराचं नाव बदलून ‘न बोलता’ केलं, आता तो बसतो.

१४. लग्नसराईत दोन आठवडे बुडाले. संपलं काय माझं?

नाही संपलं. मागचं केव्हाही भरा, फक्त एका आठवड्यात चारपेक्षा जास्त घरं मोजली जात नाहीत. शेवटच्या आठवड्यात चौदा सिनेमे पाहून कोणाला काही लक्षात राहत नाही.

१५. आधी पाह्यलेला परत पाह्यला त?

वीसपैकी पाच. परत पूर्ण पाहायचा, आठवणीतून लिहायचं नाही. एक सिनेमा दोन घरांत नाही.

१६. भाऊ, टीव्ही त घरच्यांच्या ताब्यात असते. आमी बायकांनी कवा पाह्याचं?

हा प्रश्न तीन वेगवेगळ्या ताईंनी विचारला आणि माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं, त्यांनीच काढलं. दुपारी दोन ते साडेचार, एका घरी, आठवड्यातून एकदा. जेवणं झालेली, माणसं झोपलेली. सोबत तूर निवडायला, वाती करायला घेऊन येतात. मागच्या वर्षी पूर्ण कार्ड भरणाऱ्या सात जणांत पाच याच दुपारच्या होत्या.

सोबत लेकरं असतील तर सुरुवातीचं सर्टिफिकेट पाहा. २०२४ पासून यूए मध्येच ७, १३ आणि १६ वर्षं असे भाग केलेत, तेवढं पाहूनही अंदाज येतो. कार्डावरचं कोणतंच घर असं नाही की ज्यासाठी मोठ्यांचाच सिनेमा पाहावा लागेल.

१७. कोणी न पाहताच लिहिलं त?

तपासत नाही. विश्वास ठेवतो.

१८. बक्षीस काय?

बक्षीस नाही. शेवटच्या रविवारी कोणाच्यातरी शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी असते, घरं किती भरली ते न पाहता सगळ्यांनी यायचं. गोवऱ्या आणि पीठ वर्गणीतून.

१९. अन वीसच्या वीस भरली त?

तर पुढच्या वर्षीच्या कार्डातलं एक घर तुम्ही ठरवायचं. ‘नदी वाहते असा’ हे असंच आलं, ‘ज्यात कोणी मरत नाही’ हेही. दुपारच्या गटातल्या एका काकूंनी यंदासाठी दिलेलं घर आहे ‘ज्यात आईला स्वतःचं नाव आहे’. आई नाही, माँ नाही, अमक्याची माय नाही, सिनेमात कोणीतरी तिला तिच्या नावानं हाक मारली पाहिजे. सोपं वाटलं होतं. कार्ड अजून छापायचंय, मी आतापासून शोधायला बसलोय, आणि माझ्या आवडीचे अकरा सिनेमे आतापर्यंत बाद झालेत.